चौकडी आणि माझं प्रेशर

४ मार्च

आजपासून रोजनिशी. कारण मी तोंड उघडलं की लोक म्हणतात ओरडू नका. वही असं म्हणत नाही.

घडलं ते असं. यार्डातल्या सगळ्यांची वार्षिक तपासणी झाली. इतकी वर्षं क्रेन चालवतोय, एक कंटेनर कधी कुणाला घासून गेला नाही. आणि कंपनीच्या दवाखान्यातलं ते हवा भरायचं मशीन म्हणे माझं ब्लडप्रेशर भलतंच जास्त आहे. लगेच क्रेनवरून उतरवलं. वर केबिनमध्ये तुम्हाला काही झालं तर खाली माणसं आहेत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी म्हटलं, खाली माणसं आहेत हे मला शिकवू नका, रोज वरून शिव्या मीच देतो त्यांना.

आता बसवलंय गेटवर. ट्रेलरवाल्यांचे कागद बघा आणि शिक्के मारा. माझ्या केबिनमध्ये बसतो गॉगलवाला. मीच शिकवलेला! कंटेनर असा उचलतो, जसं काही पाळण्यात बाळ आहे. नुसता झुलवत बसतो.

संकल्प: रागवायचं नाही. महिन्याभरात क्रेनवर परत. खारे दाणे बंद, पण पुडी फोडलेली आहे म्हणून उद्यापासून.

५ मार्च

पहिला संकल्प सकाळीच मोडला. माझी चूक नाही. गॉगलवाला गेटातून जाताना मला काका म्हणाला.

दाणे संपले नाहीत. पुडी मोठी होती.

८ मार्च, दुपारी

दवाखान्यात बोलावलं. वाटलं, गोळी देतील आणि मोकळं करतील. कसलं काय! तिथे म्हणे आता ‘टीम’ असते. डॉक्टरीणबाई गोळी ठरवणार. सिस्टर फोन करून पिच्छा पुरवणार. केमिस्ट गोळ्या घेतल्या का, कशाबरोबर घेतल्या, त्रास होतो का, हे विचारणार. आणि एक आहारवाली बाई आहे, ती मिठावर पहारा ठेवणार. एका माणसाच्या एका दंडासाठी चार पगार! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

सिस्टर म्हणाल्या की टीममध्ये पाचवे तुम्ही, आणि खरं तर कॅप्टन तुम्हीच. मी म्हटलं, मग कॅप्टनचा हुकूम आहे, मला क्रेनवर पाठवा. त्यावर हसल्या. मला हसणारी माणसं आवडत नाहीत, विशेषतः मी हुकूम सोडल्यावर.

अट अशी. घरी मशीन न्यायचं. सकाळ-संध्याकाळ मोजायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर, पाच मिनिटं गप्प बसून. मग मशीनच्या आकड्यांचा फोटो काढून फोनवरच्या ग्रुपमध्ये टाकायचा. महिनाभर आकडे नीट आले तर क्रेनचा विचार करू. विचार! इथे मी गेटवर कुजतोय आणि हे विचार करणार.

आहारवालीने विचारलं की वरून मीठ घेता का. मी म्हटलं, वरून म्हणजे कुठून, खालून घेतात का? तिने काहीतरी लिहून घेतलं.

११ मार्च, सकाळी

पाच मिनिटं गप्प बसलो. म्हणजे बसणार होतो. दुसऱ्याच मिनिटाला आठवलं की गॉगलवाल्याने काल सगळ्यांसमोर माझ्या केबिनमधली गादी बदलली. इतक्या वर्षांत माझ्या अंगाला बेतून बसलेली गादी ती! मशीनने जो आकडा दाखवला तो ग्रुपमध्ये टाकण्यासारखा नव्हता. माझा दोष नाही, गादीचा आहे.

पुन्हा मोजलं. जास्त आला. पुन्हा मोजलं. त्याहून जास्त. ही स्वयंपाकघरातून म्हणाली की अहो, सारखं सारखं मोजू नका, मशीनला तरी दम खाऊ द्या. मी ओरडलो नाही. आवाज मोठा होता इतकंच.

११ मार्च, संध्याकाळी

मार्ग सापडला.

हिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेव्हणा, कसल्याशा ट्रेनिंगसाठी आमच्याकडे राहायला आलाय. सकाळी धावतो, रात्री मेल्यासारखा झोपतो, मध्ये आमचं दूध संपवतो. गंमत म्हणून त्याच्या दंडाला पट्टा बांधला. असा देखणा आकडा आला की फ्रेम करून लावावा. फोटो काढला आणि टाकला ग्रुपमध्ये. आपला हात जगन्नाथ म्हणतात. आमच्याकडे मेव्हण्याचा.

याला खोटेपणा म्हणता येणार नाही. मशीन माझं, ग्रुप माझा, मेव्हणा माझा. आणि राग आला नसता तर माझाही आकडा असाच आला असता. म्हणजे हा माझाच आकडा आहे, फक्त राग वजा करून.

१४ मार्च

ग्रुपमध्ये सिस्टरने टाळ्यांची चित्रं टाकली. केमिस्टने विचारलं की गोळ्या वेळेवर चालू आहेत ना. चालू आहेत. आठवण येते तेव्हा घेतो. आकडे इतके चांगले येत असताना रोज गोळी कशाला, हे त्या शहाण्याला कोण सांगणार?

१८ मार्च

दवाखान्यात भेटीला गेलो. तिथे आकडा पुन्हा चढलेला. मी आधीच तयार होतो. म्हटलं, घरी उत्तम असतं, तुमची तोंडं बघितली की चढतं. डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली! असं काही लोकांचं होतं म्हणे खरोखर. घरचे आकडे बघू आणखी दोन आठवडे, गोळी आहे तीच ठेवू, असं ठरलं. चौघंही मला घाबरतात. आवाजाचा उपयोग होतो तो असा.

क्रेन समोर दिसतेय. दोन आठवडे!

घरी येऊन हिला सांगितलं. ती म्हणाली, देव करो आणि तुम्हाला लवकर वर जायला मिळो, तुम्ही वर असलात की खाली सगळ्यांना बरं असतं. बायको असावी तर अशी. नवऱ्याच्या कामाची कदर आहे.

२१ मार्च

मेव्हणा निघून गेला! ट्रेनिंग संपलं म्हणून बॅग भरली आणि गेला दुसऱ्या गावी नोकरीला. इतके दिवस दूध प्यायला ते काय म्हणून? माझ्या क्रेनला दहा-बारा दिवस राहिलेत एवढं तरी बघायचं. गरज सरो, वैद्य मरो. इथे तर वैद्यच पळाला.

फोन केला त्याला. म्हटलं, तिकडून मोजून फोटो पाठव. तो म्हणाला, दाजी, मशीन तुमच्याकडे आहे. तळपायाची आग मस्तकाला गेली. वर हेही म्हणाला की मोजून घेत जा खरोखर स्वतःचं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. वयाने केवढा, बोलतो केवढं!

२२ मार्च, सकाळी

आता हिचा दंड. मला आधी सुचलं कसं नाही! काखेत कळसा आणि गावाला वळसा. आमच्या घरात गार डोक्याचं माणूस कोण, तर ही. संसार झाला एवढा, पण हिने आवाज चढवलेला मी ऐकला नाही. मी बोलतो आणि ही भांडी घासते. अशा बाईचं प्रेशर म्हणजे फ्रिजमधलं पाणी.

बसवली खुर्चीवर. पट्टा बांधला. मशीन घरघरलं आणि आकडा आला एकशे अडुसष्ट.

मशीन बिघडलं. ऐन वेळेला! दुष्काळात तेरावा महिना.

२२ मार्च, संध्याकाळी

मशीन घेऊन केमिस्टकडे गेलो. चांगलं झापलं त्याला. म्हटलं, भंगार मशीन देऊन लोकांच्या पोटावर पाय देता. त्याने शांतपणे स्वतःच्या दंडाला लावलं, मग भिंतीवरच्या मोठ्या मशीनवर पुन्हा मोजलं, दोन्ही आकडे सारखे. म्हणाला, मशीन ठणठणीत आहे. मग म्हणाला, बसा, तुमचंही बघू. मला गेटवर काम होतं. घाईघाईने निघालो.

घरी आल्यावर हिला पुन्हा बसवलं. पुन्हा तेच. म्हणजे मशीन केमिस्टकडे नीट चालतं आणि माझ्या घरात बिघडतं. असल्या वस्तू मी ओळखून आहे. मालक बघून काम करतात.

२३ मार्च

सिस्टरचा मेसेज. कालपासून फोटो नाही, सगळं ठीक ना? यांना दुसरा पेशंटच नाही की काय!

हिला सांगितलं की डोकं शांत ठेव. काही विचार करू नकोस. ती म्हणाली, मी कुठे काय विचार करतेय, जरा डोकं ठणकतंय एवढंच. मी म्हटलं, बघ, हाच तो विचार. शांत बस म्हटलं तर शांत बसता येत नाही? साधी गोष्ट आहे! पाच मिनिटं! माझ्या क्रेनचा प्रश्न आहे!! हे मी तिला पाच मिनिटं समजावून सांगत होतो. नंतर मोजलं. सकाळपेक्षा जास्त.

पाच-सहा वेळा मोजून त्यातला सगळ्यात कमी आकडा निवडला आणि टाकला. तोही एकशे साठच्या वर. टाळ्या आल्या नाहीत.

२५ मार्च

भाजीत मीठ दोनदा पडलं होतं. आहारवालीने ऐकलं असतं तर बेशुद्ध पडली असती. हिला विचारलं, लक्ष कुठे असतं तुझं? म्हणाली, डोळ्यांपुढे मधूनच अंधारून येतं. मी म्हटलं, चष्मा बदल. प्रत्येक गोष्टीचा उपाय मलाच सांगावा लागतो या घरात.

ग्रुपमध्ये केमिस्ट विचारतो की एखादी गोळी चुकली का, दुसरं काही औषध सुरू केलं का. आहारवाली विचारते की या आठवड्यात बाहेरचं खाणं झालं का. डॉक्टरीणबाई म्हणतात, आकडे अचानक का बदलले ते आपण सगळे मिळून शोधू. चांडाळचौकडी! गुप्त पोलीस बरे.

संकल्प: हिच्यावर रागवायचं नाही. राग आला तर आधी मोजून घ्यायचं, मग रागवायचं.

२८ मार्च

गॉगलवाल्याला क्रेनवर कायमचं करणार अशी बातमी गेटवर आली. ट्रेलरवाले मला सांगतात, सहानुभूतीने! माझ्या खुर्चीवर, माझ्या उंचीवर, तो आयत्या बिळावरचा नागोबा. वरून सगळं यार्ड कसं दिसतं ते त्याला काय कळणार? वर कुणी बोलत नाही. वर मी कधी रागावत नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. वर खरंच राग येत नाही मला. शिव्या देतो त्या फक्त कामापुरत्या.

घरी आलो तर ही जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलेली, पिशवी मांडीवर. म्हटलं, इथे का बसलीस, लोक काय म्हणतील? म्हणाली, जरा दम खाते. पिशवी मी वर नेली. हे लिहून ठेवतो, नाहीतर मी काही करत नाही म्हणतात.

१ एप्रिल, सकाळी

आजचा आकडा एकशे ब्याण्णव. खालचाही शंभराच्या पुष्कळ वर. टाकायचा नव्हता. पण पंचवीस तारखेपासून सिस्टरने रोज दोन वेळा फोटो मागायचा सपाटा लावलाय. घाईत बोट लागलं आणि गेला.

१ एप्रिल, दुपारी

जिंकलो. सगळं नीट लिहितो.

गेटवर असताना सिस्टरचा फोन आला. मेसेज नाही, फोन. म्हणाल्या, असाल तिथून निघा, दवाखान्यात या. एकटे येऊ नका, गाडी पाठवते. छातीत दुखतं का, बोलताना जीभ जड होते का, एका हातात ताकद कमी वाटते का? मी म्हटलं, मला काहीही होत नाही. त्या म्हणाल्या, हा आकडा अंगावर काढण्यासारखा नाही, आजच्या आज गोळी वाढवावी लागेल आणि क्रेनचं तर तूर्त नावच काढू नका.

क्रेनचं नाव काढू नका! बाजूला ट्रेलरवाले उभे, गॉगलवाला जेवणाचा डबा घेऊन उभा, सगळे कान टवकारून ऐकतायत. माझं डोकंच फिरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी इतका मोठ्याने बोललो की फोनची गरज नव्हती. म्हटलं, बाई, तो आकडा माझा नाहीच! ग्रुपमध्ये माझा आकडा कधी गेलाच नाही! आधी मेव्हण्याचं होतं आणि आता बायकोचं आहे, मग माझी क्रेन कशी काय अडवता?

पहिल्यांदा सिस्टरची बोलती बंद केली मी. गॉगलवाल्याने गॉगल काढला.

मग सिस्टरने अगदी हळू विचारलं की बायको आत्ता कुठे आहेत. म्हटलं, घरी. मग विचारलं, सोबत कोण आहे?

कुणी नाही.

१ एप्रिल, संध्याकाळी

जिंकलो असं वर लिहिलंय ते खोडत नाही. वाचवत नाही, पण खोडत नाही.

गॉगलवाल्याने स्वतःच्या स्कूटरवरून मला घरी आणलं. वाटेत मी त्याला एकदाही ओरडलो नाही. मला भीती वाटत होती. एवढा उंचावर बसतो मी, पण अशी कधी वाटली नव्हती. जिन्यावर पायऱ्या सापडत नव्हत्या. डोक्यात एकच: जिन्यावर बसली होती, डोकं ठणकतं म्हणाली होती, अंधारून येतं म्हणाली होती, आणि मी म्हटलं चष्मा बदल.

ही ओट्यापाशी खुर्ची घेऊन शेंगा सोलत बसली होती. मला बघून म्हणाली, एवढ्या लवकर? क्रेन मिळाली का?

पाठोपाठ दवाखान्याची गाडी आलीच.

१ एप्रिल, रात्री

दवाखान्यात चौघंही थांबली होती. माझ्यावर कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, मलाही उत्तर देता आलं असतं.

सिस्टर हिला प्रश्न विचारत होत्या आणि मी उत्तरं देत होतो, कारण मला सगळं माहीत आहे. डोकं कधीपासून दुखतं? म्हटलं, थोडे दिवस. ही म्हणाली, दोन वर्षं. झोप लागते का? म्हटलं, उत्तम. ही म्हणाली, नाही. घरात कुणाला आहे का प्रेशर? म्हटलं, हिच्या माहेरी सगळे ठणठणीत, तिचा भाऊच बघा. ही म्हणाली, आईला होतं, त्यातच गेली. गेली हे मला माहीत होतं. त्या वेळी मी खांदा दिला होता. पण आई कशाने गेली, हे मी कधी विचारलं नव्हतं.

मोजलं. सकाळसारखाच आकडा. मी हिला म्हटलं, शांत राहा, घाबरू नकोस, मी आहे ना! जरा जोरात म्हटलं असेन. तेव्हा सिस्टरने मला बाहेर बसायला सांगितलं. दार लावून घेतलं.

बऱ्याच वेळाने पुन्हा मोजलं. आकडा उतरला होता. चांगला म्हणावा असा नाही, पण पुष्कळ उतरला होता. गोळी अजून दिलीच नव्हती. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, मग केलंत काय? त्यांनी सिस्टरकडे बघितलं. सिस्टर म्हणाल्या, काही नाही, दार लावलं फक्त.

दार लावल्याने प्रेशर उतरतं हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? उद्या विचारणार आहे. चांगलं खडसावून विचारणार आहे.

२ एप्रिल

विचारलं नाही.

माझंही मोजलं. माझ्याच दंडावर, सिस्टरसमोर, गप्प बसून. आकडा लिहीत नाही. माझा महिना आजपासून नव्याने सुरू. क्रेन गेली लांब. केमिस्टने दोघांच्या गोळ्यांचे दोन डबे दिले, माझा निळा आणि हिचा पिवळा, आणि अदलाबदल करू नका असं मलाच तीनदा सांगितलं. मी काय लहान आहे? तिसऱ्यांदा सांगितल्यावर समजलं, असं म्हटलं आणि आलो.

आता हिलाही टीम आहे. तीच चौकडी. पाचवी ही. घरचं माणूस म्हणून सहावा मी. मी लगेच सूत्रं हातात घेतली. हिचं वेळापत्रक बनवलं, भिंतीला लावलं, आणि मीठ मीच घालणार असं जाहीर केलं. आहारवालीने फोनवर माझ्या कामांची यादी सांगितली, तीत एकच काम होतं. हळू बोलणं.

संकल्प: हळू बोलणार. आजपासून. (हे लिहिताना ही म्हणाली, अहो, पेन एवढं दाबू नका, कागद फाटेल.)

६ एप्रिल

चार दिवस हळू बोलतोय. घसा दुखतो. कुणाला कौतुक नाही.

सकाळी हिचं मोजायची वेळ झाली. पट्टा मी बांधला, नीट, कोपराच्या वर दोन बोटं सोडून. उशी पाठीशी दिली. म्हटलं, पाच मिनिटं. मीही शेजारी बसतो. गप्प बसतो. एक शब्द बोलणार नाही, बघ तू. तिने नुसतं दाराकडे बघितलं. मग मी उठलो. बाहेर येऊन दार लावलं आणि पॅसेजमध्ये उभा राहिलो. गॉगलवाल्यावर चिडायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

आतून मशीनचा आवाज आला आणि थांबला. मी हळूच विचारलं, किती? ती म्हणाली, चांगला आलाय आज. इतक्या दिवसांतला सगळ्यात चांगला. मला इतका आनंद झाला की दार उघडायला हात पुढे केला. विचारलं, येऊ का आत?

ती म्हणाली, थांबा थोडं.